अख्खा क्रेट परत

३ नोव्हेंबर, सोमवार

सात क्रेट! सातच्या सात परत!

एका गड्ड्याला एक छिद्र. टाचणीच्या डोक्याएवढं. तेवढ्यासाठी अख्खा क्रेट नाकारला. मग दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचं तेच... आणि वर निळं पाणी ओतलं. नाकारलेला माल कुणी उद्या पुन्हा काट्यावर आणू नये म्हणून ही युक्ती. घट्ट, पांढरीशुभ्र फुलकोबी, दोन मिनिटांत दौत उपडी झाल्यासारखी दिसायला लागली. हे सगळं करणारा आमचा स्टोअरकीपर. आम्ही बायका त्याला ठप्पा म्हणतो. माल आला की हा आधी शिक्का उचलतो, मग मान.

क्रेट वहिनीचे होते. माझ्या दादाची बायको. पहाटे तोडून, स्वतः टेम्पोत बसून आली होती. निळं पाणी पडताना बघत उभी राहिली. मग रुमालाने हात पुसले — हाताला काही लागलेलं नसताना — आणि म्हणाली, "जाऊ दे वन्सं."

जाऊ दे काय!

ठप्प्याला म्हटलं, "छिद्र कापून टाकलं की संपलं. चिरणारी मी आहे ना? तुझ्या पोटात का दुखतंय?"

"कलम चौदा, बाई."

"कलम चौदाच्या आईला —" एवढं बोलले आणि थांबले. हाताखालच्या बायका बघत होत्या. मुख्य स्वयंपाकीण झाल्यापासून शिव्या अर्ध्यावर गिळाव्या लागतात. अजीर्ण होतं.

४ नोव्हेंबर

कलम चौदा उतरवूनच आणलं. इथे लिहून ठेवते, म्हणजे रोज वाचून रोज चिडता येईल.

"फुलकोबी, कोबी व फळभाज्या पूर्णपणे डागरहित व छिद्ररहित असाव्यात. एकाही नगात अळी किंवा अळीची खूण आढळल्यास संपूर्ण क्रेट परत पाठवावा."

हे कुणी लिहिलं असेल? मला तो दिसतोच. पंख्याखाली बसणारा. नखं स्वच्छ. आयुष्यात एक गड्डा चिरलेला नाही. बायकोने ताट वाढलं की मीठ कमी आहे म्हणायचं, एवढाच स्वयंपाकाशी संबंध. त्याला अळी म्हणजे काय वाटतं? वाघ?

अकरा शाळांचं जेवण आमच्या या एका भटारखान्यातून जातं. रोज तीन हजार पोरं. आसपासच्या शेतांना एवढं मोठं गिऱ्हाईक दुसरं नाही. आम्ही जसं मागू तसं ते पिकवतात. आम्हाला आरशासारखी कोबी हवी, म्हणून ते आठवड्यातून दोनदा फवारतात. मग तीच कोबी आम्ही पोरांना वाढतो आणि भिंतीवर पोस्टर लावतो — सकस आहार! पोस्टरवरच्या कोबीलाही छिद्र नाही.

मला अळीची माया आहे असं नाही. नवीन लागले होते तेव्हा एका शिक्षिकेच्या ताटात अळी निघाली होती. तेव्हाच्या साहेबांनी मला सगळ्यांसमोर उभं करून फाडून खाल्लं. मग मी काय थयथयाट केला होता! जुन्या बायका अजून माझी नक्कल करून दाखवतात. पण राग वेगळा आणि नियम वेगळा. रागात माणूस काहीही बोलून जातं. हे कलम कुणीतरी शांत डोक्याने बसून लिहिलंय, आणि तेच मला सहन होत नाही.

५ नोव्हेंबर

आजही तीन क्रेट निळे. भांडी आपटली.

९ नोव्हेंबर, रविवार

दादाकडे जाऊन आले. जाऊ नये असं झालं होतं आणि गेल्याशिवाय राहवतही नव्हतं.

दाराच्या मागे खुंटीला ती टाकी अजून लटकते. सोळा लिटरची. पाठीवर घ्यायची, एका हाताने दांडा मारत राहायचा, दुसऱ्या हाताने फवारायचं. दादा गाडीवरून पडला तेव्हापासून त्याची पाठ कामातून गेलेली. म्हणून टाकी वहिनीच्या पाठीवर. ती केस पुसत होती तेव्हा खांदे दिसले. पट्ट्यांच्या जागी दोन काळपट वळ, धुऊन न जाणारे.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या छातीचा फोटो उजेडात धरून सांगितलंय, यापुढे औषधाच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही. आणखी एक हंगाम फवारलंत तर मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही. एवढ्या स्पष्ट शब्दांत. वहिनी घरी आली आणि तिने जाहीर केलं — यंदा अख्खं शेत बिनफवारणीचं. माझी वहिनी! जी दुकानदाराने चुकून कमी तोललं तरी "असू दे" म्हणते ती.

दादा म्हणाला, "माणूस लावू. तो फवारेल."

"त्या माणसाला फुफ्फुसं नसतात का?"

दादा टाकीकडे बघायला लागला. मी पण. असं तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

आता रोज उजाडताच ती आणि धाकटी भाची ओळीओळीने वाकून अळ्या वेचतात. डब्यात साबणाचं पाणी, त्यात टाकायच्या. बांधाच्या कडेने मोहरी पेरलीय, बऱ्याच अळ्या तिकडेच रमतात. कोबीला थोडी छिद्रं राहतात, तेवढीच. वहिनी सांगत होती, "हे नवीन नाही वन्सं. धाकटी रांगत होती तोपर्यंत आम्ही असंच करायचो. टाकी नंतर आली."

"मग बदललं कशाला?"

"माल परत यायला लागला ना." माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पान उलटं करून बघायला लागली.

भाची आता तेराची होईल. म्हणजे बारा वर्षं ती टाकी या बाईच्या पाठीवर आहे. बारा वर्षं! आणि मी दर रविवारी येऊन कोबी पिशवीत घालून न्यायची.

निघताना दादाने सांगून टाकलं. वर्षाचा पुरवठा ठरवायची खरेदी समितीची सभा २६ तारखेला आहे. तिथे कलम तसंच राहिलं तर तो टाकी भरणार. दुसरा कुणी एवढा माल घेत नाही, शेतात कुजवून ठेवू का, म्हणाला. ओरडला असता तर मी भांडले असते. तो पाणी प्यायला आणि मग बोलला. वहिनी म्हणाली, "परक्याच्या पाठीवर द्यायची नाही. वेळच आली तर मीच घेईन."

ती घेईल. मी तिला ओळखते. कुरकुर न करता घेईल.

११ नोव्हेंबर

स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटतेय.

साहेबांना महत्प्रयासाने तयार केलं होतं — एकदा डोळ्यांनी बघा, मग बोला. आमचे साहेब वाईट नाहीत. फक्त घाबरट आहेत. वरच्यांना घाबरतात, पालकांना घाबरतात, पालीला घाबरतात. तर वहिनीचे दोन क्रेट मागच्या दाराने आणले. मिठाच्या कोमट पाण्यात गड्डे बुडवून ठेवले, मोठ्या पातेल्यात. दहा मिनिटांत आत दडलेलं सगळं वर येतं. कुठल्याही स्वयंपाकिणीला माहीत असलेली गोष्ट. मग स्वच्छ पाण्याने धुतले, चिरले, परातीत मांडले. लग्नात रुखवत मांडावा तसे! आणि साहेबांना हाक मारली — "या, बघा किती स्वच्छ."

साहेब आले. परातीकडे बघितलंच नाही. पातेल्याकडे बघितलं.

मी पातेलं ओतून द्यायला विसरले होते.

वर अळ्या तरंगत होत्या. अकरा. मी नंतर मोजल्या. हिरव्या, लहान, निपचित. साहेबांनी तोंडावर रुमाल धरला आणि ते आले तसे उलट्या पावली गेले. मी मागून ओरडतेय, "अहो, निघाल्या म्हणून तर वर आल्या! आत नाहीत आता!" ऐकायला होतं कोण?

बायका हसत होत्या. मग मी बघितलं तशा हसायच्या थांबल्या.

अकरा अळ्या दिसल्या तर रुमाल. सोळा लिटर औषध दिसत नाही, म्हणून चालतं!

१२ नोव्हेंबर

साहेबांनी बोलावलं. खुर्ची दिली नाही.

"तुमच्या भावाचा माल, आणि तुम्हीच त्याची बाजू घेणार. लोक काय म्हणतील?"

कानशिलं तापली. कारण खोटं नव्हतं. भावाचा माल आहे. पण म्हणून फुफ्फुसं खोटी होतात का? मी म्हटलं, "माझा भाऊ वगळा. बाकीच्या तीस शेतकऱ्यांचा बिनफवारणीचा माल घ्या. मी तेच भांडेन." तेव्हा ते फाइल चाळायला लागले. फाइल उलटी धरली होती.

शेवटी म्हणाले, "माझ्या हातात काही नाही. समितीपुढे विषय यायला हवा, आणि तो तुम्ही कर्मचारी मांडू शकत नाही."

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "पण ते पातेलं आधी ओतायचं ना." लग्नाला सव्वीस वर्षं झाली. अजून मी या माणसाच्या डोक्यात पातेलं घातलेलं नाही, याची कुठेतरी नोंद व्हावी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

शिवणवाली भेटली. शाळांचे गणवेश शिवते, स्वतःची तीन पोरं आमच्याच हातचं जेवतात. जीभ कात्रीपेक्षा धारदार. मी तिच्या दुकानाच्या दारातच सगळं ओकले. तिने तोंडातली टाचणी काढली आणि विचारलं, "समितीपुढे विषय कोण मांडू शकतं?"

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं इथे काढली आणि माहीत नव्हतं! तिने तिच्या मोठ्याच्या शाळेचं नियमांचं पुस्तक आतून काढून आणलं. मागच्या पानावर बारीक अक्षरात — दोनशे पालकांनी सही केली तर जेवणाबाबतचा कुठलाही विषय समितीला घ्यावाच लागतो. घ्यावाच!

"हे कुणी वाचतं का?" मी विचारलं.

"वाचू नये म्हणून तर एवढं बारीक छापलंय."

अर्ज तिने लिहिला. मी सांगत होते आणि ती माझी विशेषणं गाळत होती. मागणी एकच — कलम चौदा काढा. छिद्र असेल तेवढा भाग कापा, बाकी शिजवा. बिनफवारणीचा माल आधी घ्या.

१७ नोव्हेंबर

शनिवारी आणि आज, दोन दिवस शाळेच्या फाटकाशी उभ्या आहोत. एकोणसत्तर सह्या.

लोकांना पृथ्वी वाचवायची असते, पण पोराला आणायला आलेले असताना नाही. "नंतर करते." "घरी विचारते." एकीने सही केली आणि मग विचारलं, कशासाठी आहे?

आणि तो एक बाप! कागद वाचला, पूर्ण वाचला — तेवढ्यापुरता मान देते — आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला, "म्हणजे आमच्या पोरांना अळीची भाजी घालणार?" चार बाया लगेच मागे सरकल्या. मी म्हटलं, अळी धुऊन जाते, औषध धुऊन जात नाही. तो म्हणाला, "मला शिकवू नका. मी शेतीच्या औषधांच्या दुकानातच कामाला आहे. रोज विकतो."

"डब्यावर कवटीचं चित्र असतं ते बघता ना?"

"ते फवारणाऱ्यासाठी. खाणाऱ्यासाठी नाही."

फवारणाऱ्यासाठी! म्हणजे फवारणारा माणसात मोजायचाच नाही! मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. शिवणवालीने मला हाताला धरून बाजूला नेलं आणि म्हणाली, "तू अशी ओरडलीस की माणसं तुझं ऐकत नाहीत, फक्त तुझा आवाज ऐकतात. उद्यापासून तू मागे उभी राहा."

मागे! माझ्याच भांडणात मी मागे!

१८ नोव्हेंबर

मागे उभी राहिले. आज एका दिवसात एक्काऐंशी सह्या झाल्या. लिहायला जिवावर येतंय.

२२ नोव्हेंबर, शनिवार

शिवणवालीची अक्कल — सह्या मागत फिरू नकोस, चिरायला बोलाव. कामाच्या दिवशी कुणाही पालकाला भटारखाना बघायचा हक्क आहे, हेही त्याच बारीक अक्षरात निघालं. साहेबांना नाही म्हणता येईना.

एकोणीस जण आले. घरून विळ्या, सुऱ्या घेऊन. वहिनीही आली, चार क्रेट घेऊन. या वेळी मिठाचं पातेलं मधोमध ठेवलं, सगळ्यांसमोर. लपवायचं काही नाही. अळी वर आली की एक आजी मोठ्याने आकडा म्हणायच्या. सातपर्यंत गेल्या. आठवी शोधायला सगळे वाकले होते, खेळ असल्यासारखे.

औषधाच्या दुकानातला तो बापही आला होता. भिंतीला टेकून उभा. वहिनीला मध्येच खोकल्याची उबळ आली. ती बाहेर जाऊन आली, बसली, पुन्हा चिरायला लागली. त्याने तिच्याजवळ जाऊन विचारलं, "फवारताना मास्क लावायचात का?"

"रुमाल बांधायचे."

"ओला?"

"कधी ओला. कधी विसरायचे."

तो पुन्हा भिंतीकडे गेला. डब्यांवर काय लिहिलेलं असतं ते त्याला पाठ असणार. जाताना सही करून गेला. दोनशे तेरावी. मला त्याचा राग येत होता तो कुठे ठेवू ते कळेना.

विषय सभेत घेतला आहे. २६ तारीख, सकाळी अकरा. कर्मचारी म्हणून मला पाच मिनिटं बोलू देणार. पाच पुरेत. मी ठप्प्याला सांगून आले — कलम चौदाचा जन्म शोध. कुठल्या वर्षी, कुणाच्या सहीने. मला त्या शहाण्याचं नाव हवंय. सभेत उभी राहून नावानिशी सांगणार, या माणसाच्या एका ओळीने किती पाठी मोडल्या.

ठप्पा "बघतो" म्हणाला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी भांडी झाली. ठप्प्याने स्टोअरमध्ये बोलावलं. दार लोटून घेतलं. समोर जुनी फाइल, कडा उंदरांनी कुरतडलेल्या.

"बाई, सभेत नाव घेणार म्हणालात. म्हणून आधी तुम्हाला दाखवतो."

वर कलम चौदाचा मसुदा. खाली सही कुणा अधिकाऱ्याची, गिचमिड. त्याखाली टाचलेला एक कागद, वहीतून फाडलेला, रेघांचा. मसुद्यावर लिहिलंय — "सोबतच्या तक्रारीच्या अनुषंगाने."

अक्षर ओळखायला वेळ लागला. आपलं अक्षर असं बाहेर सापडलं तर पटकन ओळखू येत नाही.

"...या घाणेरड्या मालामुळे मला सर्वांसमोर अपमान सहन करावा लागला. यापुढे एका जरी गड्ड्यात अळी सापडली तर अख्खा क्रेट परत पाठवावा, म्हणजे या शेतकऱ्यांना चांगली अद्दल घडेल."

खाली माझं नाव. 'अद्दल' हा शब्द दोनदा गिरवलेला. पेन कागदातून आरपार गेलंय.

तारीख बारा वर्षांपूर्वीची. धाकटी तेव्हा रांगत होती.

मला ते पत्र आठवतच नव्हतं! थयथयाट आठवतो, शिक्षिकेचं नाक मुरडणं आठवतं, साहेबांचा आवाज आठवतो. माझा अपमान सगळा आठवतो. पत्र लिहिलेलं आठवत नाही. असं लिहून मी घरी गेले असेन आणि जेवले असेन.

ठप्पा खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, "फाइलमधले कागद हरवतात कधी कधी. उंदीर फार झालेत." सहा वर्षं मी या माणसाला ठप्पा म्हणतेय.

कागद माझ्या पिशवीत आहे.

२५ नोव्हेंबर

दादाकडे जायला निघाले होते, वहिनीला सांगायला. कोपऱ्यापर्यंत गेले. परत आले. ह्यांनी विचारलं काय झालं. मी म्हटलं, काही नाही. त्यांना वाटलं त्यांच्यावर चिडलेय. वाटू दिलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सभा झाली.

अकरा माणसं टेबलाभोवती. भिंतीला टेकून पालक, पुढे शिवणवाली. तिने अर्ज वाचला. मग एक सदस्य म्हणाले, नियम काही उगाच होत नाहीत, कुणीतरी विचार करूनच केला असेल. साहेबांनी मान हलवली. मला उभं राहायला सांगितलं.

मी म्हटलं, "कुणी विचार केलेला नाही." आणि पत्र काढून वाचलं. सगळं. 'घाणेरडा' सुद्धा. 'अद्दल' म्हणताना आवाज फाटला. मग खालचं नाव वाचलं.

शिवणवाली माझ्याकडे बघतच राहिली.

"हे तुम्हीच लिहिलंत, आणि आता तुम्हीच म्हणता काढा?" तेच सदस्य.

"हो. माझा अपमान झाला होता. मी चिडले होते. वर कुणी विचारलं नाही की बाई, अळी कशाने जाईल, शेतात काय होईल. माझा राग जसाच्या तसा उचलला आणि त्याला नंबर दिला. बारा वर्षं तो नंबर चाललाय. मी केलेली घाण आहे, मला काढू द्या."

पाच मिनिटं झाली नव्हती, पण पुढे बोलायला काही नव्हतं. बसले.

अर्धा तास ते आपसात बोलले. औषधाच्या दुकानातला बाप मध्येच उठून म्हणाला, "माझा मुलगा छिद्राची कोबी खाईल. लिहून घ्या." शेवटी ठरलं — एप्रिलपर्यंत कलम चौदा स्थगित. छिद्र कापून बाकी माल घ्यायचा. बिनफवारणीचा माल आधी घ्यायचा. एप्रिलमध्ये पुन्हा बघू.

एप्रिलपर्यंत! पूर्ण रद्द करायला यांचे हात झिजतात का? पण दादा टाकी भरणार नाही. एवढं तरी झालं.

बाहेर आले तर स्टोअरच्या मागे आमचा स्टोअरकीपर निळ्या पाण्याची बादली गटारात ओतत होता. त्याने मला बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

वहिनी सभेला नव्हती. तोडणी होती. तिला अजून सांगितलेलं नाही. अकरा माणसांसमोर वाचलं, एका बाईसमोर वाचवत नाही.

२८ नोव्हेंबर

वहिनीचे बारा क्रेट आले. बाराच्या बारा आत! पहिला गड्डा मी चिरला. एक अळी निघाली. पानावर ठेवून खिडकीबाहेर ठेवली. बायका म्हणाल्या, बाई आजारी आहेत की काय.

३० नोव्हेंबर, रविवार

वहिनीला सांगितलं. तिच्या शेतात, ओळीत वाकलेलो असताना, म्हणजे तोंडाकडे बघावं लागू नये. पत्र तिच्या हातात दिलं.

तिने उघडलं नाही. घडी तशीच परत दिली.

"माहीत आहे वन्सं. पहिला क्रेट परत आला त्याच दिवशी तेव्हाच्या स्टोअरवाल्याने ह्यांना सांगितलं होतं."

बारा वर्षं! मी म्हटलं, "मग मला बोलली का नाहीस?"

तिने एक पान उलटलं, अळी वेचली, डब्यात टाकली.

"आले होते सांगायला. दोनदा. दोन्ही वेळा तुम्ही कुणावर तरी चिडलेल्या होतात."